वाढत्या मापाची गाडी

आमच्या घरात कोणतीही वस्तू अंगाबरोबरची घेतली जात नसे. शाळेचा सदरा घ्यायचा तो खांद्यांवरून ओघळणारा, चपला घ्यायच्या त्या टाचेमागे दोन बोटे उरतील अशा. आणि सायकल घेतली ती इतकी उंच, की पुष्कळ दिवस मी तिच्या दांडीखालून पाय घालून, अर्धा बाहेर लोंबकळत ती चालवली. दुकानदाराने माप विचारले की बाबा माझ्याकडे पाहत नसत. ते माझ्या डोक्यावर हातभर, रिकाम्या हवेत पाहत, जणू तिथे पुढल्या सालचा मी आधीच येऊन उभा आहे, आणि म्हणत, "वाढतं अंग हाय जी. मोठंच द्या."

याला कोणी काटकसर म्हणेल, तर ते अर्धेच खरे ठरेल. आम्ही ढिवर. गावच्या तलावाच्या मच्छीमार संस्थेत बाबा सभासद होते आणि त्यांचा सगळा व्यवसायच वाढीच्या भरवशावर उभा होता. पावसाळा सरता सरता बोटाएवढी पिल्ले पाण्यात सोडायची आणि उन्हाळ्यापर्यंत वाट पाहायची. त्यातही त्यांचा एक अनुभव पक्का होता. तेच पिल्लू लहानशा बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, सोडले तर वीतभर होऊन थांबते, मोठ्या तलावात सोडले तर हातभर होते. हे शास्त्रालाही धरून आहे. दाटी कमी, अन्न जास्त, म्हणजे वाढ अधिक. परंतु बाबांनी या निरीक्षणाचा नियम केला आणि तो माशांवरून माझ्यावर आणला. निरीक्षणावरून नियम काढताना तो कोणाला लागू पडतो याची सीमा आखावी लागते, हे पुढे मी आश्रमशाळेत विज्ञान शिकवताना कितीदा फळ्यावर लिहिले असेल! दरवेळी डोळ्यांसमोर तो ओघळणारा सदरा येई. कारण माझी उंची दहावीतच थांबली होती, आणि ही वार्ता घरात बाबांखेरीज सर्वांना माहीत होती.

घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होते. पहाटे बाबा अंगणात जाळे झटकत, तेव्हा त्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटून मूठभर चिंचोके पाटीवर सांडल्यासारखा आवाज होई. तोच आमचा गजर. त्यामागोमाग चुलीवर तांदळाची भाकर थापण्याचा आवाज, आणि मग तव्यावर वाळलेल्या झिंग्यांचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, वास, जो आधी नाकाला बोचतो आणि नंतर भूक होऊन पोटात उतरतो. माय झिंगे अंबाडीच्या भाजीत घाली. ती भाजी आंबट, किंचित खरबरीत, आणि तिच्या तळाशी ते इवलेसे गुलाबी आकडे. आज माझ्या घरी झिंगे पाकिटातून येतात. चव तीच आहे असे मी पाहुण्यांना सांगतो. ते खरे नसते, पण पाहुणे जेवतात.

बी.एस्सी. होऊन मी गावी परतलो तेव्हा माझ्या बरोबरीचे बहुतेक मित्र नागपूरकडच्या कारखान्यांत गेले होते. त्यांतल्या एकाने माझ्यासाठीही जागा बघून ठेवली होती आणि त्यांच्या खोलीत आणखी एक अंथरूण मावेल असा निरोपही आला होता. मला जायचे नव्हते. याचे कारण मी तेव्हा कोणाला नीट सांगू शकलो नसतो. आज सांगू शकतो. मला त्या तलावाची, त्या रानाची आणि मायच्या हातच्या भाजीची सवय होती, आणि सवय हे राहण्यासाठी पुरेसे कारण आहे असे मानण्याचे धैर्य तरुणपणी नसते. कारण देता येईल असे काम हवे होते. ते अचानक समोर आले.

गडचिरोलीच्या एका आरोग्य संस्थेला जंगलातल्या उपकेंद्रांतून थुंकीचे आणि रक्ताचे नमुने गोळा करून शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवणारा माणूस हवा होता. तोवर हे नमुने कोणी जाणारा भेटला तर त्याच्या हाती, नाहीतर बसच्या भरवशावर जात. नमुना उन्हात तापला की निरुपयोगी होतो. मग रुग्णाला पुन्हा बोलवायचे, आणि दिवसभराची मजुरी बुडवून एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा सहसा येत नाही. म्हणून स्वतःची मोटारसायकल असलेला, पेटीतल्या बर्फाचे पाणी होण्याआधी पोचणारा माणूस त्यांना हवा होता. आमच्या बाजूची चार उपकेंद्रे त्याच्याकडे राहणार होती. निवडीची रीत सोपी होती. रामटेके मॅडम म्हणून एक पर्यवेक्षिका होत्या; त्या उमेदवाराच्या गाडीवर मागे बसून पूर्ण फेरी करणार आणि दुपारी प्रयोगशाळेचे दार बंद होण्याआत नमुने पोचतात का ते पाहणार. पोचले तर काम पक्के. नाही पोचले तर पुढचा उमेदवार, आणि मला नागपूरच्या खोलीतले अंथरूण.

गाडी घ्यायची हे त्याच संध्याकाळी ठरले. पैशाचे विशेष काही लिहिण्यासारखे नाही. त्या वर्षी तलावाने हात दिला होता. प्रश्न होता कोणती गाडी, आणि कोणताही प्रश्न हाती घेण्याआधी तो कशाविषयी आहे हे पाहावे, अशी मला शाळेने लावलेली सवय होती. म्हणून मी आधी गाडी पाहिली नाही, रस्ता पाहिला. चारही उपकेंद्रांची वाट चालून काढली. पहिला टप्पा मुरमाचा, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खणलेला. मग खिंडीचा चढ, उभा, सुट्या गोट्यांचा, अर्ध्यावर एक आखूड वळण. उतरल्यावर नाला, पाणी घोट्यापर्यंतच, पण तळाशी मऊ वाळू. नाल्यापलीकडे मात्र पोलीस कॅम्पापासून थेट गडचिरोलीपर्यंत गुळगुळीत डांबर, ज्यावर वेळ भरून काढता येईल. थोडक्यात, अर्धी वाट मातीची आणि अर्धी डांबराची.

अशा दुहेरी वाटेसाठीच जन्मलेली गाडीची एक जात असते, हे मला फोनवरच्या चित्रफितींतून कळले होते. परदेशात एक शर्यत होते, जिचा काही भाग डांबरावर आणि काही मातीत असतो. त्यासाठी मातीतली उंच, सडपातळ, लांब शॉकअपची गाडी घेतात आणि तिची मोठी, अरुंद चाके काढून लहान, रुंद, डांबराला चिकटणारी चाके बसवतात. तिला सुपरमोटो म्हणतात. दिसायला ती लांब पायांच्या बगळ्याने शहरी बूट घातल्यासारखी दिसते. चंद्रपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात तशा गाड्या आल्या आहेत हे समजल्यावर माझ्यापुरता गाडीचा प्रकार ठरला. उरले इंजिन.

जेवताना बाबांनी विचारले, "किती सीसीची घेतेस?"

"पाह्यतो. दोनशेच्या आसपास."

"चारशेची नाई का भेटत?"

माय भाकर वाढता वाढता म्हणाली, "चारशे कायले पायजे? लहानी घे बाबू. पडशीन तं कमी लागन."

"पडाच्या हिशोबानं गाडी घेते का कोनी?" बाबा म्हणाले. "आज लहानी घेईन, मंग दोन वर्सानं म्हनन, दम नाई तिच्यात. एकदाच घ्याची तं मोठी घ्याची. हात बसते माग्नं."

"तुमचा हात बसते. पोराचे पाय कुठी पोचतेत?"

"पोचतीन," बाबा म्हणाले, आणि पुन्हा माझ्या डोक्यावरच्या त्या हवेत पाहिले.

आता बॅटरीच्या गाड्या आल्या आहेत, त्यांना सीसी नसते. म्हणून हे माप थोडक्यात समजावून द्यायला हवे. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो. तो खाली येताना जेवढी जागा मोकळी होते तिचे घनसेंटिमीटरमधले माप म्हणजे सीसी. एका श्वासात गाडी किती हवा आत घेते, असे म्हटले तरी चालेल. श्वास मोठा तर जोर मोठा. इथपर्यंत सारे बाबांच्या बाजूचे आहे. परंतु मोठ्या इंजिनाबरोबर वजन येते, मांड्यांना भाजणारी उष्णता येते, आणि मूठ केसभर फिरली तरी गाडी पुढे उसळते. एकाच नळकांड्याचे मोठे इंजिन माणसाच्या चालीने हाकले तर धक्के देते. त्याला पळायचे असते. मायचे म्हणणेही तपासून पाहिले होते. मच्छीमार संस्थेची शंभर सीसीची गाडी मी मासळीच्या पेटीसह बाजाराला नेत असे आणि खिंडीच्या चढावर दरवेळी उतरून ढकलत असे. मॅडमना मागे बसवून ढकलत नेणे शोभले नसते. म्हणजे फार लहानही नको. एवढे सगळे मला समजत होते. तरीही खरे सांगायचे तर चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मनात चारशेच होती. वडिलांनी आयुष्यभर आपल्याहून मोठा असा कोणी तरी आपल्या जागी पाहिलेला असला, की एखाद्या दिवशी तोच होऊन दाखवावे असे वाटते.

दुकानाचे मालक राजूभाऊ, गळ्यात फडके, तोंडात सुपारी, आणि प्रत्येक गाडीविषयी ती आपली लेक असल्यासारखा अभिमान. मागच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. चारशेची नागपुराहून आलेली, काळी, रुंद टाकीची. दोनशेची गोंडपिपरीच्या एका हौशी माणसाने चाके बदलून घेतलेली, थोडी खाली बसवलेली, पुढच्या मडगार्डाला ओरखडा.

"कोन चालवनार?" राजूभाऊंनी विचारले.

"हा," बाबांनी माझ्याकडे बोट केले.

राजूभाऊंनी मला चपलेपासून केसांपर्यंत पाहिले. ते पाहणे चटकन संपले. "मंग दोनशेची पाहा जी."

"चारशेची काढा," बाबा म्हणाले.

मी तिच्यावर चढलो. चढलो हाच शब्द योग्य आहे. दोन्ही पायांचे अंगठे जमिनीला लागत होते, टाचा हवेत. सुरू केल्यावर तिने असा खर्ज लावला, की दुकानातला चहावाला बाहेर येऊन उभा राहिला. बाबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे हसू होते ते मी अजून विसरलेलो नाही. जाळे जड लागले की ते तसे हसत. अंगणात सरळ जाईपर्यंत सगळे ठीक चालले. टोकाला वळायचे होते. मी मूठ सैल केली, गाडीने धक्का दिला आणि ती बंद पडली. डावा पाय जमीन शोधू लागला आणि जमीन होती तिथे नव्हती. गाडी सावकाश, जणू विचार करून, आडवी झाली, आणि मी तिच्या शेजारी.

लागले काहीच नाही. मी उठून तिला उचलू लागलो. दोन्ही हातांनी, मग खांदा लावून, मग दात ओठ खाऊन. ती वीतभर उठली आणि पुन्हा निजली. शेवटी बाबा, राजूभाऊ आणि मी अशा तिघांनी मिळून ती उभी केली.

"हाताले नवी हाय म्हनून," बाबा धापा टाकत म्हणाले. "सवय होईन."

माझ्या डोळ्यांसमोर नाला आला होता. तळाची मऊ वाळू, मागे मॅडम, पेटीत बर्फ, आणि मैलभर दुसरा माणूस नाही. तिथे राजूभाऊ कुठून येणार होते? गाडी निवडण्याचा माझा प्रश्न मी चुकीचा मांडला होता. ती किती जोरात जाते हे विचारून उपयोग नव्हता. ती पडल्यावर काय होते, हे विचारायला हवे होते. कारण त्या वाटेवर ती कधी ना कधी पडणारच होती.

मी दोनशेची काढली. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. टोकाला वळलो, माणसाच्या चालीने वळलो, ती कुरकुरली पण बंद पडली नाही. मग अंगणाच्या मधोमध थांबलो, इंजिन बंद केले, खाली उतरलो आणि तिला हळूच, जमिनीपर्यंत हात न सोडता, आडवी निजवली.

"अबे! अबे!" राजूभाऊ फडके सावरत धावले. "आडवी काऊन करून राह्यला बे? चांगली उभी होती ना!"

"पाहून राह्यलो, भाऊ."

"पाह्याले डोये देल्ले ना देवानं! पाडून पाह्यते का कोनी?"

मी गाडीकडे पाठ केली. एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची सळी धरली, गुडघे वाकवले, आणि पाठीवर भार न घेता पायांनी मागे रेटत गेलो. मासळीची भरलेली पेटी अशीच उचलतात. कंबरेने उचलणारा ढिवर म्हाताराच होत नाही, त्याआधीच कंबर धरून बसतो. गाडी उठली. उभी राहिली. मी तिला पुन्हा निजवली आणि पुन्हा उचलली, कारण एकदा घडले ते योगायोगानेही घडलेले असू शकते. दुसऱ्या वेळी राजूभाऊ ओरडले नाहीत.

बाबा मात्र चारशेच्या टाकीवर हात ठेवून उभे होते.

"उचलली तं ठीक," ते म्हणाले. "पन खिंड चढन का ते? दोघं जनं, अन् वरून पेटी. तिथी दम तुटला म्हंजे?"

मी त्यांना मागचे चक्र दाखवले, ज्यावरून साखळी फिरते. ते थोड्या जास्त दात्यांचे बसवले तर इंजिनाला चाक फिरवायला सोपे जाते. गाडी सपाटीवर थोडी कमी पळेल, पण चढावर तिचा जोर वाढेल. आपल्याला डांबरावर शर्यत लावायची नाही. जिथे अडते तिथे जोर हवा. राजूभाऊंनी मान डोलावली. तसे चक्र त्यांच्याकडे होते आणि ते आजच बसवून देता येणार होते.

"चक्कर मोठं करतेस, मंग इंजिनच मोठं घे ना," बाबा म्हणाले. "आज लहाना दिसतेस म्हनून का लहानीच घ्याची? अजून हात बसाचा हाय. अजून अंग..."

"बाबा, मी आता वाढत नाई."

चहावाला कपात ढवळायचा थांबला. मी हे इतक्या मोठ्याने बोललो असेन असे मला वाटले नव्हते.

"कोन म्हन्ते?" बाबा म्हणाले.

"मीच म्हन्तो. दहावीपासनं मी एवढाच हाय. तुमी पाह्यलंच नाई."

बाबा हट्टाने, पण आवाज खाली आणून म्हणाले, "मोठ्या पान्यात सोडला का मासा मोठा होते. मी जनमभर पाह्यलं."

"रोहू होते, कतला होते. झिंगा होते का बाबा?"

राजूभाऊंना सुपारीचा ठसका लागला. मला वाटले बाबा आता निघून जातील. ते माझ्याकडे पाहत होते. डोक्यावरच्या हवेत नव्हे; थेट माझ्याकडे, माझी उंची जिथे संपत होती तिथे. त्यांना मला असे मोजताना मी प्रथमच पाहत होतो. मग ते राजूभाऊंकडे वळले.

"झिंग्याले बाजारात रोहूपेक्षा जादा भाव हाय, मालूम हाय ना तुमाले?" ते म्हणाले. "टाका जी ते चक्कर. हेच नेतो."

होकार मिळाला, खात्री मिळाली नव्हती. परतीच्या वाटेवर मी गाडीवर आणि ते बसने आले. पुढचे आठ दिवस मी खिंडीकडे सराव करून येई तेव्हा ते जाळ्याची गाठ बांधता बांधता विचारत, "आज दोघं जनं होते का?" मी एकटाच गेलो होतो असे सांगितल्यावर ते "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये संपूर्ण खिंड मावत असे. मित्र नागपुरात असल्यामुळे मागे बसायला माणूस मिळत नव्हता आणि मायने तर स्वच्छ नकार दिला होता. त्यामुळे दोघांनिशी चढ चढते की नाही, हे परीक्षेच्या दिवशीच कळणार होते.

त्या दिवशी माय पहाटेच उठली होती, बाबा मात्र घरात नव्हते. तलावावर गेले असतील असे ती म्हणाली, पण जाळे खुंटीलाच होते. रामटेके मॅडम आदल्या संध्याकाळी आमच्या बाजूच्या उपकेंद्रात मुक्कामाला आल्या होत्या. भरघोस बांध्याच्या, हसऱ्या, साडीवर जॅकेट घातलेल्या. मागची सीट पाहून त्या म्हणाल्या, "अरे बाप्पा, हे सीट हाय का चौरंग? माझी अर्धी तरी बसन का हिच्यावर?" आणि बसल्या. चारही उपकेंद्रांत नमुने तयार होते. शेवटच्या ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ स्वतःची डबी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवण्याचा आग्रह धरून बसले होते, ठेवल्यावर ते मला म्हणाले, "सांडू नको बापा. दोन वेळा झालं, दोनी वेळा वाया गेलं." मी हो म्हटले. तोपर्यंत मला वाटत होते, की या फेरीवर फक्त माझे काम अवलंबून आहे.

खिंडीच्या पायथ्याशी मी पहिला गिअर टाकला आणि मॅडमना पुढे झुकायला सांगितले. चढाचा पहिला नियम असा, की मूठ एकसारखी धरायची आणि थांबायचे नाही. सुट्या गोट्यांवर थांबलेली गाडी मागे घसरते, पुढे सुटत नाही. इंजिन मोठ्याने ओरडत होते, पण ओरडण्यात आणि दमण्यात फरक असतो आणि तो मला ऐकू येत होता. अर्ध्यावरच्या आखूड वळणाशी आलो आणि पाहिले, तर वाटेच्या कडेला दगडावर बाबा बसले होते. सोबत मच्छीमार संस्थेतले दोघे सभासद. बाबांच्या मांडीवर मोठ्या जाळ्याच्या दोरीचे वेटोळे होते. आम्हाला पाहताच तिघेही उठले आणि बाबांनी दोरीचे टोक हातात घेतले.

"कोन जी हे?" मॅडमनी कानाशी विचारले.

"आमचे बाबा."

"अन् दोरी?"

मी थांबलो नाही. बाबांचा हात अर्धवट वर झालेला होता, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून मूठ एकसारखी धरून वळण घेतले आणि वर निघून गेलो. मागे गोट्यांचा खळखळाट झाला आणि मग माथा आला, वारा लागला, मॅडम सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाप रे, मी देवाचं नाव घेऊन राह्यली होती."

नाल्यात आम्ही पडलो. मी ते आधीच धरून चाललो होतो, त्यामुळे फारसे वाईट वाटले नाही. पुढचे चाक वाळूत रुतले, गाडी कलली. मॅडमनी मोठ्या चपळाईने पाय टेकून पेटी कवटाळली आणि त्या नाल्यात उभ्या राहून हसू लागल्या. मी गाडीकडे पाठ केली, गुडघे वाकवले आणि तिला उठवली. पलीकडच्या डांबरावर गाडी अशी धावली, की लहान रुंद चाकांचे सार्थक झाले. कॅम्पाच्या फाटकावरच्या जवानाने पेटीवरचे अधिक चिन्ह पाहून आडकाठी वर केली. प्रयोगशाळेच्या दारात शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता. बर्फाचे तुकडे अजून पेटीत खुळखुळत होते. आतल्या बाईंनी डब्या मोजून घेतल्या, आणि मॅडम ओल्या साडीचा काठ पिळत म्हणाल्या, "सोमवारपासून ये. अन् माझ्यासाठी एक उशी आण."

पुढे ते काम मी पुष्कळ वर्षे केले, मग शिक्षक झालो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा निकाल त्या खेपेला आला, त्यांना औषधे सुरू झाली, आणि त्यानंतर कितीतरी काळ ते उपकेंद्राच्या ओट्यावर बसून माझ्या गाडीच्या हवेची चौकशी करत.

परंतु त्या दिवशी मॅडमना गडचिरोलीलाच सोडल्यावर मला घाई होती ती परतण्याची. खिंडीत फोनला रेंज नव्हती, तेव्हा बाबांना काही कळले असणे शक्य नव्हते. ऊन उतरू लागले होते. नाला ओलांडून माथ्यावर आलो तेव्हा वाटले, ते केव्हाच घरी गेले असतील. वळणाशी उतरून आलो. सोबतचे दोघे गेले होते. बाबा त्याच दगडावर बसलेले होते.

मी गाडी कडेला लावली.

"पोचलं?" त्यांनी विचारले.

"पोचलं. सोमवारपासनं काम."

त्यांनी मान हलवली. दोरीचे वेटोळे एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतले. "सकायी थांबला काऊन नाई?"

"थांबलो असतो तं सुटली नसती पुन्हा. चढावर थांबत नाईत."

"बरं केलं," बाबा म्हणाले. "थांबला असता तं मी वढलीच असती."

मग ते उठले, दोरी खांद्याला अडकवली आणि गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या सीटशी आले. पाय कुठे ठेवायचे ते मी दाखवले. बसल्यावर त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, आधी अलगद, मग गाडी सुरू होताच घट्ट.

"गाडी हयूहयू घेजो," ते म्हणाले. "तुह्या मागं पयल्यांदाच बसून राह्यलो."